वालमनला गाव सोडता येत नाही

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं डेरगं, डेरग्यावर खरबूज, आणि गेलेल्या माणसांच्या नावाने तिची पूजा. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, निंबाला झोके बांधलेले असतात, खापरावर मांडे होतात. आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात गावात सगळ्यात जास्त माणसं याच दिवसांत असतात आणि विहिरीचं पाणी याच दिवसांत तळाला गेलेलं असतं.

त्या वर्षी आखाजी दोन दिवसांवर असताना आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याची मोटार जळाली.

कागदावर मी ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, गावात सगळे वालमन म्हणतात. पांझरा नदीच्या काठी गावाची विहीर आहे, तिच्यात साडेसात एचपीची पाणबुडी मोटार. तिथून पाणी टेकडावरच्या ५० हजार लिटरच्या टाकीत चढवायचं, त्यात टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची भुकटी, टाकायचं आणि गावाच्या चार भागांना पाळीपाळीने सोडायचं. बारा वर्षं हे काम मी एकट्याने केलं होतं. त्या दिवशी स्टार्टरच्या पेटीतून जळका वास आला आणि मोटार बंद पडली. साक्रीला रिवायंडिंगवाल्याकडे गेलो तर आधीच्या आठ मोटारी रांगेत. उन्हाळ्यात असतातच.

बाया हंडे घेऊन शेतातल्या विहिरींवर गेल्या. माझी बहीण आदल्या दिवशीच माहेरी आली होती, तीही गेली. मला कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

रात्री नऊला शेजारच्या गावचे वालमन मोटारसायकलवर आले. त्यांचं गाव नदीने खाली चार किलोमीटरवर. वयाने मोठे, मी त्यांना नाना म्हणतो. मोबाइलचा उजेड धरून त्यांनी स्टार्टर उघडला, आतल्या रिलेच्या काट्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. काटा शेवटच्या आकड्यावर होता. मीच फिरवला होता. चैत्र लागल्यापासून रिले सारखी पडत होती, दर अर्ध्या तासाने विहिरीवर पळत जाऊन मोटार चालू करावी लागायची, म्हणून मी काटा टोकाला नेला आणि त्रास मिटला.

नाना म्हणाले, "भो, ती वरडी वरडी सांगी ऱ्हायंती, तू तिनं तोंडच दाबी दिन्हं."

मग तिथेच, विहिरीच्या काठावर, त्यांनी मला समजावलं. दुपारी शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू असतात, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी उचलायला मोटार जास्त करंट ओढते आणि आतली तार तापते. ती जळायच्या आत रिले मोटार बंद करते. रिलेचं काम तेवढंच. किती करंट चालेल ते मोटारीच्या नामपट्टीवर लिहिलेलं असतं. नामपट्टी झिजली असेल तर थ्री फेज मोटारीला एचपीच्या साधारण दीडपट अँपिअर धरायचे, म्हणजे आमच्या मोटारीला अकरा-बारा. मी रिले अठरावर नेऊन ठेवली होती. नाना तरुणपणी रिवायंडिंगच्या दुकानात कामाला होते, म्हणून त्यांना हे ठाऊक. मला बारा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, मीही कोणाला विचारलं नव्हतं.

त्यांच्या गावात दुरुस्त करून ठेवलेली एक जुनी मोटार होती. रात्रीच त्यांच्या सरपंचांना फोन झाला. दुसऱ्या दिवशी गावातली सहा पोरं, कप्पी, दोर असं सगळं लावून जळालेली मोटार वर काढली आणि ती जुनी खाली सोडली. आखाजीला पहाटे सहाला नळांना पाणी आलं.

प्रशिक्षण कुठे मिळतच नव्हतं असं नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं, घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी असं ठरलं, तेव्हापासून प्रशिक्षणाची पत्रं जास्तच येऊ लागली. नाशिकला पाणीपुरवठ्याचं प्रशिक्षण देणारी 'मित्रा' ही संस्था आहे. गावातच नळ, वीज, मोटार अशी कामं करणारी माणसं तयार व्हावीत म्हणून 'नल जल मित्र' हा कार्यक्रमही आला. अडचण वेगळी होती. मी तीन दिवस बाहेर राहिलो तर गावाला पाणी कोण सोडणार?

एकदा गेलो होतो, दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला. सभागृह, फाइल, पडद्यावर आकृत्या. सांगणारे तळमळीने सांगत होते, पण साठ जणांत एकालाही पाना हातात धरायला मिळाला नाही. इकडे माझ्या पुतण्याने माझ्या जागी वाल उघडला, एका दमात पूर्ण. रिकाम्या पाइपात पाणी वेगाने घुसलं, आतली हवा अडकली, आणि मारुतीच्या पारापाशी जॉइंट फुटला. पाइप रिकामा असेल तर वाल आधी दोन आटे उघडायचा, हवा निघू द्यायची, पाणी भरल्याचा आवाज बदलला की मग पुढे फिरवायचा. हे माझ्या हाताला माहीत होतं, पण पुतण्याला सांगायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पत्रावर ग्रामसेवक भाऊसाहेबांना मी नाही म्हणत गेलो.

आमच्या भागातल्या बहुतेक गावांची हीच गत आहे. योजना गावाची, टाकी गावाची, आणि ती चालवायची विद्या एकाच माणसाच्या डोक्यात. त्या माणसाला शिकायला जायचं तर गाव सोडावं लागतं, आणि वालमनला गाव सोडता येत नाही. माझं ठाम मत झालं आहे की खेड्यातल्या पाणीपुरवठ्याचं कौशल्य इथे अडतं. शिकवणाऱ्यांची वाण आहे असं मला वाटत नाही.

आखाजी झाल्यावर नाना आणि मी आमच्या भाऊसाहेबांना भेटलो. आमच्या भाऊसाहेबांकडे दोन गावांचा कारभार होता, त्यामुळे दुखणं त्यांना लगेच कळलं. जेठ महिन्यात आजूबाजूच्या सात गावांचे सरपंच, ग्रामसेवक आणि वालमन आमच्या ग्रामपंचायतीत बसले. विषय एकच: सातही वालमनांनी एकमेकांच्या गावात शिकायचं, आणि एक शिकत असेल तेव्हा दुसऱ्याने त्याच्या गावचं पाणी सोडायचं.

बैठक गोड झाली नाही. मोठ्या गावाच्या सरपंचांनी विचारलं, आमच्या नऊशे नळांची पाणीपट्टी तुमच्या दोनशे नळांच्या गावासाठी का खर्च करायची? लहान गावाच्या सरपंच बाई म्हणाल्या, आमचा माणूस तुमच्या गावाला पाणी सोडायला येईल, चुकून काही फुटलं तर शिव्या कोण खाणार? दोन्ही प्रश्न खरे होते. दोन तास घासाघीस चालली.

मग एक म्हातारे आप्पा बोलले. त्यांनी फडाची आठवण काढली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवर काही शतकांपासून दगडी बंधारे आहेत, त्यांच्या पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, वरून देखरेखीला पंच. माझा आजा पाटकरी होता, त्याला वर्षाचं धान्य मिळायचं. आप्पा म्हणाले, पाणी ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणे मिळे, पण पाटातला गाळ काढायला सगळे उतरत, कोणी जमीन मोजत बसत नसे.

त्यावर तोडगा निघाला. पैसे नळजोडण्यांच्या हिशेबाने द्यायचे, माणसांच्या पाळ्या मात्र सगळ्यांच्या सारख्या. काही बिघडलं तर खर्च ज्या गावात बिघडलं त्या गावाचा, बाहेरून आलेल्या वालमनावर ठपका नाही. हे वाक्य ठरावात शब्दशः लिहून घ्यायला नानांनी लावलं. सातही ग्रामपंचायतींच्या मासिक सभांत ठराव व्हायला भाद्रपद उजाडला.

आम्ही गावांच्या जोड्या लावल्या. सात म्हणजे विषम, म्हणून एक जोडी तिघांची. माझी जोडी नानांशी. पहिला महिना काहीच शिकायचं नव्हतं, फक्त जोडीदाराचं गाव पाठ करायचं होतं. आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त शिकलो ते त्या महिन्यात.

नाना माझ्या मागे वही घेऊन फिरले. हा वाल कुठला? खालच्या आळीचा. किती आट्यांचा? बावीस. पूर्ण उघडायचा? नाही, चौदाच, नाहीतर वरच्या घरांना पाणी चढत नाही. मी उत्तरं देत होतो आणि देताना माझ्याच लक्षात येत होतं की यातलं एक अक्षर कुठेही लिहिलेलं नाही. संध्याकाळी त्यांनी वही पुढे केली. शाळेच्या चौकटीच्या कागदावर माझं गाव, त्यात अकरा वाल, प्रत्येकापुढे आटे. मी म्हणालो, बारा आहेत, एक सापडत नाही. मराठी शाळेसमोरचा रस्ता काँक्रीटचा झाला तेव्हा तो खाली गेला होता, सात वर्षांपूर्वी. तेवढा भाग बंद करायचा तर मला अर्धं गाव बंद करावं लागायचं.

तो वाल आमच्या आधीच्या वालमनबाबांनी शोधून दिला. ऐंशीच्या घरातलं वय, नजर अधू. रात्री अकराला गाव निजल्यावर त्यांना खुर्चीवर बसवून शाळेसमोर नेलं. त्यांनी पहार मागितली, तिचं टोक रस्त्यावर टेकवलं, दुसरं टोक कानाला लावलं आणि मला टाकीकडचा वाल थोडा उघडायला सांगितलं. चार जागा बदलल्या. पाचव्या जागी म्हणाले, "आठे खंद." सकाळी काँक्रीट फोडलं तर वाल वीतभर बाजूला निघाला. आता त्यावर लोखंडी झाकण आहे आणि नकाशात बाराचा आकडा आहे. बाबा पुढच्या पौषात गेले.

मग दर दुसऱ्या बुधवारी शिकणं सुरू झालं. दर वेळी वेगळं गाव, आणि तिथे जे खरोखर बिघडलं असेल तेच काम. तालुक्याच्या आयटीआयमधले एक निदेशक यायचे, आणि पाणीपुरवठा योजनांवर हयात घालवलेले एक निवृत्त फोरमन. जोडीतला एकच जण जाऊ शकत असल्याने प्रत्येक पाठ दोनदा व्हायचा. पहिल्या महिन्यांत दोन्ही वेळा गुरुजीच शिकवत. नंतर फोरमनसाहेब म्हणाले, दुसऱ्या वेळी आम्ही बसतो, गेल्या वेळी जे शिकले त्यांनी शिकवायचं. यासाठी आधीच्या गटाने एक दिवस जास्तीचा काढायचा. मी करंट मोजायचा टाँग टेस्टर धरून पाच माणसांसमोर उभा राहिलो तेव्हा मला कळलं की मला अर्धंच आलं होतं. उरलेलं शिकवताना आलं.

टीसीएलचा पाठ माझ्या गावात झाला. मी काय करायचो ते आधी करून दाखवायला सांगितलं. पोत्यातून दोन ओंजळी भुकटी कापडात बांधली, पुडकं टाकीत सोडलं. फोरमनसाहेब काही बोलले नाहीत, पोत्याशी गेले. पोतं पंपघरात ओल्या भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं. त्यांनी चिमूट हातावर घेतली. ताज्या भुकटीत साधारण तेहतीस टक्के क्लोरीन असतो, म्हणाले, पण ओल आणि हवा लागली की तो उडून जातो आणि उरतो चुना. "तुम्ही गावाला चुना पाजताय, भाऊ." ते शांतपणे बोलले, पण मला रात्रभर झोप लागली नाही. त्याच्या आदल्या पावसाळ्यात वाड्यावरच्या पाच-सहा लेकरांना जुलाब झाले होते.

रीत अशी आहे: १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे माझ्या भरलेल्या टाकीला २५० ग्रॅम, अर्धी असेल तर १२५. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा वजन करून स्टीलच्या पेल्यावर खिळ्याने खूण केली, ती अजून आहे. भुकटी प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, गुठळ्या मोडायच्या, मग बादली भरून ढवळून अर्धा तास ठेवायची. चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. पुन्हा अर्धा तास थांबायचं आणि मगच गावाला पाणी सोडायचं. तपासणी टाकीपाशी करून उपयोग नाही, सगळ्यात शेवटच्या घरच्या नळावर करायची. नळीत पाणी, त्यात क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब, आणि लगेच रंग पाहायचा. पिवळा आला तर क्लोरीन शेवटपर्यंत पोहोचला. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

पहिल्या दिवशी शेवटच्या घरची नळी पांढरीच राहिली. नवं पोतं आणल्यावर चौथ्या दिवशी तिला फिकट लिंबाचा रंग आला.

किटने पाणी तपासायला आम्हाला बचत गटाच्या एका ताईंनी शिकवलं. मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना हे शिकवायचं असतं, त्यातल्या त्या एक. नानांच्या गावात एका हातपंपावर नायट्रेटचा रंग ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या पुढे गेला. शेजारी उकिरडा आणि कपाशीचं रान. लोक म्हणाले, उकळून पिऊ. ताईंनी सांगितलं, उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं म्हणून उलट वाढतं. त्या हातपंपाला लाल रंग दिला.

गळतीचं काम मला मनापासून आवडलं. एका गावात चढत्या लाइनच्या वालपाशी वर्षानुवर्षं पाणी झिरपायचं, तिथे म्हशी बसायच्या. फोरमनसाहेबांनी वीस लिटरची बादली लावली, दोन मिनिटांत भरली. मोटार आठ तास चालते. हिशेब त्यांनी आमच्याकडूनच करून घेतला: तासाला ६०० लिटर, आठ तासांत ४८००, माणशी ५५ लिटरने ८७ माणसांचं रोजचं पाणी. वालच्या ग्लँडमधली दोरी बदलली, दोन बोल्ट आवळले. तासाभराचं काम होतं.

सगळं नीट चाललंय असं मी म्हणणार नाही. एका गावाने आपल्या वाट्याच्या पैशांचे दोन हप्ते दिलेले नाहीत. आमच्यात एक बावीस वर्षांचा पोरगा होता, हात सोन्याचा, सगळ्यात आधी शिकायचा. तो दिवाळीनंतर सुरतेला गेला, तिथे मोटारीच्या कामाला इथल्या अडीचपट पैसे मिळतात. त्याच्या सरपंचांनी बैठकीत टेबलावर हात आपटला, शिकवून काय मिळालं म्हणून. मला त्या पोराचा राग येत नाही. आमचा पगार वसुलीशी बांधलेला, तोही तीन-तीन महिने उशिरा, आणि त्याच्या घरात लग्नाची बहीण. पोरांनी राहावं असं वाटत असेल तर पगार वेळेवर द्या, हे मी त्या बैठकीत उभं राहून सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी तिथे बोललो. पण तो गेला त्या दिवशी त्याच्या गावचं पाणी थांबलं नाही. त्याच्या जोडीदाराकडे नकाशा होता, आटे लिहिलेले होते. नवा माणूस मिळेपर्यंत दोन महिने त्याने दोन्ही गावं सांभाळली.

फडाच्या पाटातला गाळ काढायचे तसं आता आम्ही गुढीपाडव्यानंतर सातही जण एकत्र निघतो. सात दिवस, सात पंपघरं. स्टार्टरचे स्क्रू आवळायचे, रिलेचा काटा पाहायचा, विहिरीचं पाणी दोरीने मोजून वहीत लिहायचं.

यंदाच्या आखाजीला मी पहाटे साडेचारला मोटार चालू केली. अँमीटरवर अकरा. टाकी भरली, निवळी ओतली, थांबलो, आणि उजाडता खालच्या आळीचा वाल चौदा आटे उघडून शेवटच्या घरी नळी घेऊन गेलो. तिथली आजी नळाखाली कोरी घागर धरून बसली होती. तिने नाक मुरडलं.

"हाऊ वास कसाना रे भाऊ? मना म्हताराले असं पानी चालावं नही."

मी म्हणालो, "आजी, अर्धा तास उघडी ठेव, वास उडी जास."

तिने घागर ओट्यावर ठेवली, वर फडकं टाकायला गेली आणि थांबली. फडकं खांद्यावर घेऊन ती घागरीशेजारी बसून राहिली.